महाविद्यालय-प्रवेश : विद्यार्थी व पालक यांची पूर्वतयारी
(सदलगा येथे महाजन कुटुंबांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नोंदीचे महत्त्व महाजन कुटुंबांना निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. कुळ कितीही जुने असो, श्रींच्या सेवेत त्याच्या कितीही पिढ्या गेलेल्या असोत, महाजनांच्या नोंदवहीत नाव दाखल असल्यावाचून सभेत मत देता येत नाही. नाव दाखल आहे, परंतु वडिलांच्या नावात किंवा आडनावाच्या एका अक्षरात फरक आहे, एवढ्या कारणावरूनही हक्क सिद्ध करताना दमछाक होते. महाविद्यालयाच्या प्रवेशाचे स्वरूप आज नेमके असेच झाले आहे. गुण असलेच पाहिजेत, त्यांवाचून पुढची गोष्टच नाही. तथापि केवळ गुण आहेत म्हणून जागा मिळते असेही नाही. गुणांच्या पाठीशी योग्य वेळी, योग्य नावाचा आणि योग्य कचेरीचा कागद उभा राहावा लागतो. अभ्यासात कोठेही कमी न पडलेल्या मुलाचे एक वर्ष एखाद्या दाखल्यापायी वाया जाणे, हे दुःख टाळता येण्याजोगे आहे. आणि म्हणूनच या विषयाचा विचार निकालानंतर नव्हे, तर निकालाच्या दोन-तीन वर्षे आधी व्हावयास हवा.

शिक्षणासाठी घर सोडणे हे महाजन कुटुंबांना नवे नाही. पणजीस १८५४ साली लिसेव स्थापन झाले. परंतु तेथील शिक्षण पोर्तुगीज भाषेतून असे. ज्यास ब्रिटिश मुलखात पदवी किंवा नोकरी हवी असे, त्यास मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक्युलेशन परीक्षा द्यावी लागे. त्यासाठी गोमंतकातील मुले घाट चढून बेळगाव-धारवाडकडे येत, किंवा मुंबई गाठीत. एका राज्यसत्तेचा दाखला दुसरीच्या दारी चालत नाही, हा धडा त्या पिढीने तेव्हाच घेतला होता. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ सालापासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांना जो आश्रय दिला, त्यात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग यांच्यासारख्या संस्थांबरोबर पुढे सारस्वतांचे वसतिगृहही उभे राहिले. याच पंचक्रोशीतील कुंभोज गावी जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले. त्यांनीच १९१९ साली रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. समाजाने खोली दिली, जेवण दिले, एवढ्यावर एक विद्यार्थी शिकला आणि त्याने पुढे हजारोंना शिकविले. समाजाने विद्यार्थ्यासाठी काय करावे, याचे उत्तर या भागात शंभर वर्षांपूर्वीच दिले गेले आहे.

आता सदलग्याच्या परिस्थितीकडे वळू. दूधगंगेच्या काठचे हे गाव १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते. त्या दिवसापासून ते आजच्या कर्नाटकात आहे. येथील बाजार इचलकरंजीचा, कचेरी चिकोडीची, जिल्हा बेळगावचा आणि सोयरीक कोल्हापूर-सांगलीकडची. निपाणीचे देवचंद महाविद्यालय १९६० साली निघाले. निपाणीकर त्यास आपलेच म्हणतात, पण ते उभे आहे अर्जुननगर येथे, म्हणजे कागल तालुक्यात, कोल्हापूर जिल्ह्यात. आणि संलग्न आहे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी. निपाणीतील विद्यार्थी पायी चालत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात शिकावयास जातो. सीमाभागातील मुलासमोर अशी दोन दारे उघडी असतात. परंतु प्रत्येक दाराचा पहारेकरी निराळा कागद मागतो, आणि दोन्ही दारांशी घुटमळत राहिलेला मुलगा प्रसंगी दोन्हीकडून परत येतो. म्हणून प्रत्येक दाराची अट काय आहे, हे आधी पाहू.

कर्नाटकातील अभियांत्रिकी, कृषी, औषधनिर्माण इत्यादी अभ्यासक्रमांसाठी कर्नाटक परीक्षा प्राधिकरण, ज्यास के.ई.ए. म्हणतात, ते के-सीईटी ही प्रवेशपरीक्षा घेते. राज्याच्या जागांवर हक्क सांगण्याचे मुख्य कलम असे की, विद्यार्थ्याने पहिली ते बारावी या काळात किमान सात शैक्षणिक वर्षे कर्नाटकातील मान्यताप्राप्त शाळेत शिकलेले असावे, आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा कर्नाटकातून उत्तीर्ण झालेली असावी. याचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. पहिलीपासून दहावीपर्यंत सदलग्यात शिकून एस.एस.एल.सी. झालेला मुलगा अकरावी-बारावीसाठी कोल्हापुरास गेला, तरी या कलमाने त्याचा कर्नाटकातील हक्क जात नाही. उलट, आजोळी राहून इचलकरंजीत दहावीपर्यंत शिकलेली मुलगी केवळ पीयूसीची दोन वर्षे चिकोडीत काढील, तर या कलमाखाली तिची सात वर्षे भरत नाहीत. घर सदलग्यात, सातबारा सदलग्यात, मतदारयादीत नाव सदलग्याचे. तरीही हा हक्क घरावरून ठरत नाही, शाळेच्या हजेरीपटावरून ठरतो. आई-वडिलांच्या शिक्षणावर किंवा नोकरीवर आधारलेली इतर कलमे आहेत. पण त्यांचे पुरावे अधिक गोळा करावे लागतात.

या सात वर्षांचा पुरावा म्हणजे अभ्यास-प्रमाणपत्र. त्यावर शाळाप्रमुखाची आणि क्षेत्रशिक्षणाधिकाऱ्याची सही लागते. शाळेच्या संगणकीय नोंदीत, ज्यास सॅट्स म्हणतात, मुलाची वर्षे बरोबर चढलेली आहेत की नाही हे आधीच पाहून घ्यावे. ग्रामीण भागात पहिली ते दहावी शिकलेल्यांस आणि कन्नड माध्यमातून ती दहा वर्षे शिकलेल्यांस कर्नाटकात स्वतंत्र आरक्षण आहे. सदलगा येथे नागरी स्थानिक संस्था असल्यामुळे गावातल्या शाळेत शिकलेले मूल आणि शेजारच्या खेड्यातल्या शाळेत शिकलेले मूल यांची स्थिती ग्रामीण सवलतीच्या बाबतीत सारखी नाही. शेजाऱ्यास मिळाली म्हणून आपणासही मिळेल, असे गृहीत धरून अर्जात खूण करणाऱ्याचा दावा पडताळणीच्या वेळी फेटाळला जाण्याची भीती असते. शेतकरी कुटुंबांतील मुलांसाठी कृषिविद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत काही जागा राखलेल्या असून त्यासाठी शेतीची प्रात्यक्षिक परीक्षा असते. ऊस पिकविणाऱ्या या गावातील किती मुले तिला बसतात, याचा विचार प्रत्येक घराने करावा.

महाराष्ट्राचे दार निराळे. तेथील राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष एमएचटी-सीईटी घेतो. सर्वसाधारण नियम असा की, दहावी व बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी आणि अधिवासाचा दाखला असावा. मात्र वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांचा महाराष्ट्राच्या प्रवेशनियमांत स्वतंत्र वर्ग केलेला आहे. गाव त्या भागातील असल्याचा अधिकाऱ्याचा दाखला आणि मातृभाषा मराठी असल्याचा शाळाप्रमुखाचा दाखला, हे त्याचे दोन मुख्य आधार. महाराष्ट्राचा दावा ८६५ गावांवर आहे आणि ती गणना गावनिहाय आहे. चिकोडी तालुक्यातील सर्वच गावे तीत नाहीत. म्हणून आपल्या गावाचे नाव त्या यादीत आहे काय, ही चौकशी दहावीच्या वर्षातच करावी. यात राजकारण आणण्याचे प्रयोजन नाही. कर्नाटकानेही जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, गडहिंग्लज या तालुक्यांतील कन्नड मातृभाषेच्या मुलांसाठी असेच कलम ठेवले आहे. वाद १९५६ पासून चालू आहे. २००४ साली तो सर्वोच्च न्यायालयातही गेला. परंतु दोन्ही राज्यांनी मुलांसाठी एकेक खिडकी उघडी ठेवली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. ती खिडकी वापरण्यात कमीपणा नाही; ती ठाऊक नसणे मात्र महाग पडते.

अकरावीसाठीच महाराष्ट्रात जाणाऱ्यांनी आणखी एक बदल ध्यानात घ्यावा. २०२५-२६ या वर्षापासून महाराष्ट्रभर अकरावीचे प्रवेश एकाच संगणकीय पद्धतीने होऊ लागले. कुरुंदवाड किंवा इचलकरंजीच्या महाविद्यालयात ओळखीच्या गुरुजींकडे जाऊन नाव घालून यावे, ती रीत आता उरली नाही.

जातीच्या दाखल्याविषयी पुष्कळांचा गैरसमज असतो. एका राज्याने दिलेल्या दाखल्यावर दुसऱ्या राज्यात आरक्षण मिळेलच असे नाही. मारी चंद्रशेखर राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली हे तत्त्व स्पष्ट केले आहे. खुल्या वर्गातील कुटुंबांसाठी १०३व्या घटनादुरुस्तीने २०१९ साली आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक ही तरतूद आली. केंद्रीय संस्थांतील प्रवेशासाठी तिचा उपयोग होतो. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांच्या आत असावे लागते आणि जमिनीच्याही मर्यादा आहेत. हा दाखला दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो. गतवर्षीचा दाखला पेटीत जपून ठेवला होता, ही सबब खिडकीवर चालत नाही.

या सर्व कागदांची जननी म्हणजे दहावीचे गुणपत्रक. त्यावर जे नाव आणि जी जन्मतारीख छापली जाते, तीच पुढे जन्मभर चालते. सीमाभागात नावांचा घोटाळा विशेष होतो. कर्नाटकी पद्धतीत नावामागे आद्याक्षरे लागतात; महाराष्ट्रात आडनाव पुढे येते; कन्नडमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत जाताना अक्षरे बदलतात. आधार-पत्रावर एक नाव, शाळेत दुसरे आणि बँकेच्या पासबुकावर तिसरे, असे झाले की शिष्यवृत्तीही अडते. म्हणून नववीत असतानाच मुलाचा जन्मदाखला, शाळेची नोंद, आधार-पत्र आणि पासबुक ही चार पत्रे एका मेजावर शेजारी-शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडून पाहावे. दहावीचा परीक्षा-अर्ज भरण्यापूर्वी दुरुस्ती करणे हे शाळेच्या पातळीवरचे काम असते. गुणपत्रक छापून आल्यावर तेच काम मंडळापर्यंत जाते.

कागदांनंतर परीक्षांचा विचार. दोन्ही राज्यांच्या प्रवेशपरीक्षांना बसण्यास हरकत नाही. पण दोहोंची तोलण्याची रीत निराळी आहे. कर्नाटकात अभियांत्रिकीचा क्रमांक लावताना सीईटीचे निम्मे आणि पीयूसीच्या दुसऱ्या वर्षातील भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित यांचे निम्मे गुण धरतात. महाराष्ट्रात मुख्यत्वे सीईटीचे गुण पाहतात आणि बारावीत केवळ किमान गुणांची अट असते. महाराष्ट्राच्या प्रश्नपत्रिकेत अकरावीचा भाग सुमारे वीस टक्के आणि बारावीचा ऐंशी टक्के असतो. यावरून अभ्यासाची दिशा ठरवावी. जो मुलगा वर्षभर नेटाने लिहून चांगले गुण मिळवितो पण घड्याळ लावून भराभर प्रश्न सोडविण्यात कमी पडतो, त्यास कर्नाटकाची रीत अनुकूल. बारावीत एखादा पेपर बिघडला तरी महाराष्ट्रात दार बंद होत नाही. कोणती रीत आपल्या मुलास मानवेल, हे पालकांपेक्षा वर्गशिक्षक अधिक सांगू शकतात, त्यांना विचारावे.

वैद्यकीय शिक्षणासाठी देशभर नीट ही एकच परीक्षा आहे. ती मराठीतूनही देता येते. परंतु मराठी प्रश्नपत्रिकेसाठी परीक्षाकेंद्र महाराष्ट्रातील निवडावे लागते, आणि कन्नड प्रश्नपत्रिकेसाठी कर्नाटकातील. जवळ म्हणून बेळगावचे केंद्र घेतले आणि मराठी प्रश्नपत्रिकेची अपेक्षा धरली, तर निराशा होईल. मराठी हवी असल्यास कोल्हापूर किंवा सांगलीचा विचार करावा. अर्ज भरण्याच्या एका क्षणात हा निर्णय होतो आणि मागाहून सहसा बदलत नाही.

भाषेविषयी मुलांच्या मनात एक भीती असते. मराठी किंवा कन्नड शाळेत शिकलो, आता इंग्रजी महाविद्यालयात आपला निभाव कसा लागणार? याच सदलग्यात १९४६ साली जन्मलेले आचार्य विद्यासागर महाराज यांची घरची भाषा कन्नड होती. आणि त्यांनी 'मूकमाटी' हे महाकाव्य हिंदीत रचिले, जे १९८८ साली प्रसिद्ध झाले. परभाषा ही परिश्रमाने आपली होते. उपाय साधा आहे. दहावीची परीक्षा संपल्यापासून महाविद्यालय सुरू होईपर्यंत जे दोन महिने मिळतात, त्यांत विज्ञानाच्या आणि गणिताच्या जुन्या धड्यांतील मराठी किंवा कन्नड संज्ञा एका वहीत लिहून समोर त्यांचे इंग्रजी शब्द मांडावेत. रोज वीस शब्द म्हटले तरी दोन महिन्यांत बाराशे होतात. पहिल्या सहामाहीत मुले जी गोंधळतात, ती बहुधा विषय कळत नाही म्हणून नव्हे, तर शब्द कळत नाही म्हणून.

अर्ज भरण्याचे काम बहुतेक घरांत नेट सेंटरवाल्यावर सोपविले जाते. तो माणूस प्रामाणिक असला तरी हंगामात त्याच्यापुढे शेकडो मुले उभी असतात. अर्जात त्याचाच मोबाईल क्रमांक आणि त्यानेच ठरविलेला गुप्त शब्द टाकला जातो, आणि पुढे जागा मिळाल्याचा संदेश घरी न येता त्याच्याकडे जातो. म्हणून क्रमांक घरातील माणसाचा असावा, गुप्त शब्द वहीत लिहून ठेवावा, आणि अर्जाचा मजकूर मुलाने स्वतः वाचून मगच पाठवावा. स्वतःचा अर्ज स्वतः लिहिणे हेही शिक्षणच होय.

पसंतिक्रम लावताना तर अधिक सावधपणा हवा. ज्या महाविद्यालयाची मनापासून इच्छा आहे ते वर आणि केवळ आधार म्हणून ठेवलेले खाली, हा सरळ नियम पुष्कळजण मोडतात. वरचे मिळणारच नाही असे मानून खालचे वर लिहितात, आणि तेच पदरात पडते. महाराष्ट्रात पहिल्या फेरीत पहिलाच पसंतिक्रम मिळाला तर ती जागा आपोआप कायम होते. कर्नाटकात जागा मिळाल्यावर चार पर्याय असतात : जागा घेऊन थांबणे, जागा राखून पुढच्या फेरीत अधिक चांगलीची वाट पाहणे, जागा सोडून पुढच्या फेरीत जाणे, किंवा बाहेर पडणे. दुसरा आणि तिसरा पर्याय यांतील फरक न कळल्याने हातची जागा सोडून बसणे सहज शक्य आहे. हे चार पर्याय प्रत्येक पालकाने आधीच समजून घ्यावेत.

खर्चाचा प्रश्न संकोचामुळे घरात मुलांसमोर बोलला जात नाही. तसे नसावे. अकरावीच्या वर्षीच शुल्क, वसतिगृह, प्रवास यांचा अंदाज मांडून मुलासमोर ठेवावा. केंद्र शासनाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मान्य केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेखाली निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांस तारण व जामिनाशिवाय कर्ज मिळण्याची सोय झाली. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांस, अन्य सवलत घेत नसल्यास, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सूट ठेवण्यात आली. मात्र संस्था त्या यादीत आहे की नाही, हे प्रवेश घेण्यापूर्वी पाहावे. कर्नाटकाच्या शिष्यवृत्तींसाठी राज्याचे आणि केंद्राच्या शिष्यवृत्तींसाठी राष्ट्रीय असे दोन निराळे संकेतस्थळ-विभाग आहेत, आणि दोन्हींच्या मुदती निराळ्या असतात.

आणि सर्वच मुलांनी अभियंते किंवा वैद्य व्हावे असा कोठे दंडक आहे? दहावीनंतर तीन वर्षांची तंत्रनिकेतन पदविका आहे. तीमधून पुढे पदवीच्या दुसऱ्या वर्षात जाता येते. वाणिज्य, कायदा, शेती, वस्त्रोद्योग, शिक्षणशास्त्र हीही प्रतिष्ठेची क्षेत्रे आहेत. शेजारच्या इचलकरंजीत यंत्रमागाची एवढी वस्ती असता वस्त्रोद्योगाचे शिक्षण या गावातील मुलांच्या मनातही येत नाही, याचे कारण ते शेजाऱ्याच्या मुलाने घेतलेले नसते, एवढेच. शेजाऱ्याकडे पाहून शाखा निवडू नये.

मुलींविषयी स्वतंत्रपणे बोलले पाहिजे. मुलाची शाखा गुणांवरून ठरते, मुलीची मात्र एस.टी.च्या वेळापत्रकावरून, ही स्थिती अजून पुष्कळ घरांत आहे. संध्याकाळच्या गाडीने परत येता येईल तेवढ्या अंतरातलेच महाविद्यालय तिच्यासाठी पाहिले जाते. पालकांची काळजी खोटी नाही. परंतु तिचे उत्तर शिक्षण आखूड करणे हे नव्हे. बेळगाव, कोल्हापूर, सांगली, धारवाड या चारही ठिकाणी मुलींची वसतिगृहे आहेत, आणि महाजन कुटुंबेही आहेत. ज्या घरी कार्याला चार दिवस राहता येते, त्या घरी परीक्षेसाठी दोन दिवस राहण्यास अडचण ती कोणती?

येथे महाजन मंडळाचे कर्तव्य उभे राहते. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. मंदिराच्या फलकावर जून ते जून असे परीक्षांचे आणि दाखल्यांचे वेळापत्रक लावावे. नववी ते बारावीच्या मुलांची एक यादी ठेवावी. निवृत्त कारकून, शिक्षक, बँकेतील कर्मचारी प्रत्येक मंडळात असतात; कोणता कागद कोणत्या मेजावर अडतो हे त्यांना इतरांपेक्षा अधिक ठाऊक असते. अशा दोघा-तिघांनी महिन्यातून एक रविवार सकाळी मंदिराच्या ओसरीवर बसावे आणि ज्याला हवे त्याचा अर्ज तपासून द्यावा. ही सेवा केवळ महाजनांच्या मुलांपुरती न ठेवता गावातील कोणत्याही घरच्या मुलास खुली असावी. बाहेरगावी परीक्षेस जाणाऱ्यांसाठी त्या-त्या शहरातील कुटुंबांची एक सूची असावी. वापरून झालेली पुस्तके परत घेऊन पुढच्या वर्गास द्यावीत. प्रवेशाच्या वेळी पहिले शुल्क दोन-तीन दिवसांत भरावे लागते आणि बँकेचे कर्ज मागाहून येते. तेवढ्या अवधीपुरती बिनव्याजी उसनवारी मंडळास देता आली, तर एखाद्या गरजू मुलाची जागा वाचेल.

नियम दरवर्षी थोडेबहुत बदलतात. म्हणून येथे सांगितलेल्या गोष्टी प्रमाण मानून स्वस्थ न बसता, त्या-त्या वर्षीची माहितीपुस्तिका पालक व विद्यार्थी दोघांनी मिळून वाचावी. हे काम कंटाळवाणे आहे यात शंका नाही. पण देवस्थानच्या नोंदवहीतील एका ओळीसाठी ज्या कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या कागद जपले, त्यांना ते अवघड वाटू नये. या वर्षी नववीत असलेल्या प्रत्येक मुलाची व मुलीची चार पत्रे येत्या महिन्याभरात ताडून पाहिली जावीत, एवढा संकल्प येथे जमलेल्या कुटुंबांनी करावा, अशी विनंती करून हे भाषण येथेच पुरे करणे उचित होईल.